मूळ प्रत

पाठचिकित्सा हा विषय एम.ए.च्या वर्गात असताना मी फारसा मनावर घेतला नव्हता. जुन्या पोथ्या, त्यांच्या प्रती, त्या प्रतींच्या प्रती, एका प्रतीत शिरलेला दोष तिच्यापासून निघालेल्या साऱ्या शाखेत कसा उतरतो हे दाखवणारी वंशवृक्षासारखी आकृती, हे सगळे परीक्षेपुरते पाठ केले, उत्तरपत्रिकेत उतरवले आणि विसरले. पुढे वीसेक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवताना त्याची कधी गरज पडली नाही. ती पडली २०२५ साली, आणि तीही एखाद्या हस्तलिखितांच्या दालनात नव्हे, तर आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत, चाळीस जुनाट यंत्रांच्या घरघरीत.

झाले असे. विंडोज १० या प्रणालीला तिच्या निर्मात्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. तिच्या पुढची विंडोज ११ आमच्या यंत्रांवर रीतसर बसण्यासारखी नव्हती. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर, काही मोजके अपवाद सोडले तर, तिच्या यादीत बसत नाहीत. आमची यंत्रे चौथ्या पिढीतली. नवी घेण्याइतका निधी नाही, आणि जुनी तशीच असुरक्षित चालवावीत असे उघडपणे म्हणण्याची कोणाची छाती नाही. तेव्हा प्रयोगशाळा समितीच्या बैठकीत उबुंटूची एक हलकी आवृत्ती सर्व यंत्रांवर चढवावी असे ठरले. या समितीत मी काय करत होते हे विचारू नये. भाषाविभागाचा एक प्रतिनिधी प्रत्येक समितीत असावा असा आमच्याकडे प्रघात आहे, आणि त्याने इतिवृत्त लिहावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. इतिवृत्त लिहिता लिहिता मी विचारले, की या नव्या प्रणालीत मराठीचे काय? संगणकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी अत्यंत सौजन्याने उत्तर दिले, की ते तुम्हीच सांगा. अशा रीतीने ‘मराठी मॉड्यूल’ माझ्या पदरी पडले.

प्रयोगशाळेचा तंत्रसहाय्यक माझा जुना विद्यार्थी. मराठीच्या तासाला तो मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहत असे. आता भूमिका बदलल्या होत्या. मे महिन्याच्या उकाड्यात त्याने मला शिकवायला घेतले, आणि कबूल करायला हवे, की मी त्याला शिकवले त्यापेक्षा त्याने मला बरे शिकवले.

चाळीस यंत्रांवर चाळीस वेळा प्रणाली बसवत कोणी बसत नाही. एक यंत्र निगुतीने सजवायचे, त्याच्या डिस्कवर जे जे आहे ते एकदा टिपून घेऊन सर्व्हरवर ठेवायचे, आणि मग ते इतर यंत्रांवर जसेच्या तसे उतरवायचे. या टिपून घेतलेल्या रूपाला ‘इमेज’ म्हणतात. आम्ही त्यासाठी फॉग नावाची मुक्त प्रणाली वापरली. रिकामे यंत्र सुरू होताना स्वतःच्या डिस्ककडे न पाहता जाळ्यातल्या सर्व्हरकडे पाहते, तिथून आपल्याला काय व्हायचे आहे ते विचारते, आणि काही मिनिटांत ते होते. सर्व यंत्रांना एकाच वेळी पाठवायचे झाले तर सर्व्हर एकदाच मोठ्याने वाचतो आणि चाळीस यंत्रे एकदम उतरवून घेतात. आणि त्यांतले सर्वांत संथ यंत्र जेवढ्या वेगाने लिहील तेवढ्याच वेगाने साऱ्यांना पुढे जावे लागते. श्रुतलेखनाचा तास घेतलेल्या कोणाही शिक्षकाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. आमच्याकडे खिडकीजवळचे सतरा क्रमांकाचे यंत्र तो मान राखून आहे.

इमेज टिपण्यापूर्वी त्या सजवलेल्या यंत्राची ओळख पुसून टाकावी लागते, ही गोष्ट मला त्या वेळी फार मजेची वाटली. प्रत्येक यंत्राला प्रणाली एक लांबलचक क्रमांक देते. तो तसाच राहिला तर चाळीसही यंत्रे आपण एकच आहोत असे जाळ्यात सांगत सुटतात. म्हणून तो क्रमांक रिकामा करायचा, यंत्राच्या गुप्त किल्ल्या काढून टाकायच्या, मग टिपायचे. प्रत्येक प्रत पहिल्यांदा जागी होईल तेव्हा ती आपली ओळख आपण तयार करील. विंडोजमध्ये हेच काम करणारी वेगळी आज्ञावली असते. “मॅडम, तुमच्या खात्यात काही खाजगी ठेवलंय का?” असे त्याने त्या वेळी मला विचारले होते. मी नाही म्हणाले. खाजगी म्हणजे पत्रे, छायाचित्रे, परवलीचे शब्द अशी माझी समजूत होती.

आता मॉड्यूल कशाला? सारे काही त्या एका इमेजमध्येच का कोंबू नये? कारण इमेज अनेक गीगाबाइटांची असते, आणि उद्या एखादा फाँट बदलायचा झाला तर ती पुन्हा सजवा, पुन्हा टिपा, पुन्हा उतरवा. त्यापेक्षा इमेज सडपातळ ठेवायची आणि बाकीचे सामान छोट्या छोट्या पुड्या बांधून वेगळे ठेवायचे. यंत्र तयार झाले की त्या पुड्या एकामागून एक तिथे जाऊन आपापल्या सुटतात. फॉगच्या भाषेत त्यांना स्नॅपिन म्हणतात. आम्ही आपले मॉड्यूल म्हणत होतो. संख्याशास्त्राचे एक, भौतिकशास्त्राचे एक, छापखान्याच्या जोडणीचे एक, आणि माझे मराठीचे एक.

पुडी बांधण्याचा पहिला नियम असा, की तिने काही विचारता कामा नये. आपण घरी एखादी आज्ञावली बसवतो तेव्हा ती चार वेळा थांबते. अटी मान्य आहेत का, कुठे बसवू, पुढे जाऊ का. तिथे आपण असतो, म्हणून ती विचारते. प्रयोगशाळेत रात्री साडेनऊला चाळीस यंत्रांसमोर कोणी नसते. पहिल्या फेरीत आमच्या तंत्रसहाय्यकाने दहा यंत्रांवर टर्मिनल उघडून सगळे सुरू केले आणि तो घरी गेला. सकाळी आलो तर दहाही पडद्यांवर एकच मजकूर. मायक्रोसॉफ्टचे काही नेहमीचे इंग्रजी फाँट उबुंटूवर घ्यायचे तर परवान्याच्या अटी मान्य कराव्या लागतात, आणि तो परवाना पडद्यावर येऊन ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या माणसाची रात्रभर वाट पाहत बसला होता. यावर उपाय असा, की त्या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून ठेवायचे. प्रणालीच्या वहीत अगोदर एक ओळ घालायची: हा प्रश्न येईल, त्याचे उत्तर ‘होय’ समजावे. मग प्रश्न पडद्यावर येतच नाही. काम झाले की पुडी सर्व्हरला एक आकडा कळवते. शून्य म्हणजे सारे सुखरूप; दुसरा कोणताही आकडा म्हणजे काहीतरी बिनसले. आयुष्यभर शून्याला नापास करत आलेल्या मला चाळीस शून्यांची यादी पाहून आनंद व्हायला शिकावे लागले.

मराठीच्या पुडीत काय काय हवे याची यादी मी चार दिवस करत होते. माझी पिढी श्री-लिपी आणि तत्सम फाँटांच्या काळात टंकन शिकली. तेव्हा एका यंत्रावर लिहिलेला लेख तो फाँट नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर उघडला, की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. युनिकोडने ती अवदसा संपवली, पण सगळी नाही. मराठी ‘श’ देठाचा आणि ‘ल’ पाकळीचा असावा, हे महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात नमूद आहे. तरी पुष्कळ देवनागरी फाँट हिंदीच्या वळणाने जातात. काही फाँटांच्या पोटात दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे त्यांना सांगावे लागते. म्हणजे फाँट आला, भाषेची नोंद आली, इनस्क्रिप्ट कळफलक आला, आणि ज्यांचा हात रोमन कळांवर बसला आहे त्यांच्यासाठी उच्चारानुसारी कळफलकही आला. चाचणीसाठी मी एकच वाक्य ठरवले होते, ज्यात आचार्यास आणि आचाऱ्यास असे दोन्ही शब्द होते. गुरूला दिलेली दक्षिणा स्वयंपाक्याला जाऊ नये एवढी दक्षता भाषेच्या शिक्षकाने घ्यायलाच हवी. या ‘ऱ्या’चीही एक गंमत आहे. तो दोन तऱ्हांनी टंकता येतो, एकदा स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त करून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि एक शोधायला गेले तर दुसरा सापडत नाही. पोथ्यांतले पाठभेद निदान दिसतात तरी.

इथवर सारे ठीक होते. यानंतर मी जे केले ते कोणी मागितले नव्हते.

अठरा-वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासताना विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकांची एक यादी मी बाळगून होते. ‘पानी’ नव्हे ‘पाणी’, ‘व्हता’ नव्हे ‘होता’, ‘आनि’ नव्हे ‘आणि’, ‘कवा’ नव्हे ‘केव्हा’. चारशेच्या आसपास नोंदी. लिब्रेऑफिसमध्ये आपोआप दुरुस्तीची सोय आहे. डावीकडे चुकीचे रूप, उजवीकडे बरोबर, आणि शब्द टंकून स्पेस दाबली की डावीकडचे जाऊन उजवीकडचे येते. ही सारी यादी मी माझ्या खात्यात दोन रात्री बसून भरली. विचारपूर्वक भरली, असे तेव्हा वाटत होते. ‘माजी’चे ‘माझी’ करणारी नोंद मी मुद्दाम वगळली, माजी विद्यार्थी संघाची आठवण ठेवून. मग तंत्रसहाय्यकाला म्हटले, की माझ्या खात्यातली लिब्रेऑफिसची मांडणी जशी आहे तशी सर्वांना मिळेल असे कर. ते सोपे होते. प्रणालीत एक सांगाड्याची फोल्डर असते. नवे खाते उघडले, की त्या सांगाड्यात जे असेल त्याची एक प्रत नव्या खात्यात पडते. माझी मांडणी तिथे गेली. जूनमध्ये चाळीस शून्ये आली, शंभरावर विद्यार्थ्यांची खाती उघडली गेली, आणि माझी बोरूची शिस्त प्रत्येकाच्या हाताशी निमूटपणे जाऊन बसली.

दिवाळीच्या सुटीत द्वितीय वर्षाच्या मुलांना मी प्रकल्प दिला होता. आपल्या घरातील वा गावातील वृद्ध स्त्रीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून आणायच्या, किमान दहा. आमचा तालुका डोंगराच्या पायथ्याचा. जाती बहुतेक घरांत अंगणात पालथी पडलेली असली तरी सत्तरीपुढच्या बायकांच्या तोंडी ओव्या अजून आहेत. गी पॉईटवाँ आणि हेमा राईरकर यांनी याच प्रकारच्या एक लाखाहून अधिक ओव्या महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून गोळा करवल्या, हे मुलांना सांगून मी त्यांना हुरूप आणला होता. बोलीतला शब्द बोलीतच लिहायचा, तो सुधारायचा नाही, असे तीन वेळा बजावले होते. तिसऱ्यांदा बजावताना फळ्यावर लिहिलेही होते.

डिसेंबरअखेर फायली आल्या. त्या पाहताना एका मुलाने हसत विचारले, “मॅडम, हे सगळं तुम्हीच लिहिलंय का?” त्याने फाइलीचे गुणधर्म उघडून दाखवले. लेखक म्हणून माझे नाव. दुसरी फाइल उघडली, तिथेही माझेच. साऱ्या वर्गाच्या साऱ्या फायलींवर माझे नाव. लिब्रेऑफिसच्या मांडणीत वापरकर्त्याचे नाव घालण्याची एक जागा असते; मी ती एकदा हौसेने भरली होती, आणि सांगाड्यातून ती शंभर खात्यांत उतरली होती. तास हसण्यात गेला. मीही हसले. पंढरपूरच्या वाटेवर जन्मलेल्या आणि शाळा न पाहिलेल्या बायकांच्या ओव्यांची कर्ती म्हणून एक एम.ए. झालेली बाई नोंदली जावी, यात विनोद होताच.

घरी येऊन फायली नीट वाचायला घेतल्यावर हसू मावळले. एका ओवीत चुलीवर भाकरी होती, आणि चुलीवर ‘तेव्हा’ होता. मी दोनदा वाचले. पुढच्या चरणाच्या शेवटी ‘नवा’ हा शब्द होता. यमकाने चोर पकडून दिला. आजीने ‘तवा’ म्हटले, नातीने ‘तवा’ टंकले, आणि माझ्या यादीने त्याचा ‘तेव्हा’ केला. उत्तरपत्रिकेत भाकरीचा तवा कोणी लिहीत नाही. तिथे ‘तवा’ आला की तो ‘तेव्हा’च असतो. तेवढ्याच अनुभवावर मी ती नोंद केली होती. मग मी पेन्सिल घेऊन बसले. ‘व्हता’ कुठेही नव्हता. ‘पानी’ कुठेही नव्हते. ‘कवा’ नव्हता. तीसएक आज्यांच्या तोंडी असलेली भाषा एका रात्रीत शाळेत जाऊन आल्यासारखी स्वच्छ झाली होती, आणि ओव्या लंगडत होत्या. मुलांनी हे पाहिले कसे नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि उत्तर लगेच मिळाले. इनस्क्रिप्ट नव्याने शिकणाऱ्याची नजर पडद्यावर नसते, कळांवर असते. दुरुस्ती स्पेस दाबल्यावर होते, तोवर बोटे पुढचा शब्द शोधत असतात. शिवाय ज्यांच्या लक्षात आले असेल त्यांनाही वाटले असेल, की हे मॅडमनाच हवे आहे. आणि मॅडमना एरवी तेच हवे असते, हे खोटे नव्हते.

एम.ए.ची ती विसरलेली आकृती तेव्हा डोळ्यांपुढे आली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९० ची. एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके १५०६ मध्ये, १५८४ साली. मधल्या तीनशे वर्षांत अनेक हातांनी ती उतरवली गेली, आणि त्यांतले सारेच हात आळशी वा अडाणी नव्हते. उलट जाणता लेखनिक अधिक धोक्याचा. अडाणी माणूस चुकतो तेव्हा त्याची चूक चुकीसारखी दिसते. जाणता माणूस अडलेल्या जागी ओळखीचा शब्द बसवतो आणि तो शब्द इतका नीट बसतो, की पुढे कोणाला शंकाच येत नाही. म्हणून दोन पाठांपैकी अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक, असे पाठचिकित्सेत मानतात. सुखटणकरांनी भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी हाच दंडक कसा पाळला याचे टिपण माझ्या जुन्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक हात जोडून सांगतो, की समोरची प्रत जशी दिसली तशी मी उतरवली आहे, दोष मला देऊ नये. मला तेही म्हणता येत नव्हते. मी उतरवणारी नव्हतेच. उतरवणाऱ्याच्या बोटांत आधीच जाऊन बसलेली होते.

दुसऱ्या दिवशी तंत्रसहाय्यकाला सगळे सांगितले. तो म्हणाला, “सांगाड्यातून काढून टाकतो मॅडम, दोन मिनिटांचं काम.” मग स्वतःच थांबला. सांगाडा फक्त नव्या खात्यांसाठी असतो. जी खाती उघडून झाली त्यांच्याकडे आपापली प्रत आहे. मूळ दुरुस्त केले म्हणून त्या प्रती दुरुस्त होत नाहीत. हेही मी कुठेतरी शिकले होते. त्यावर त्याने एक नवी पुडी बांधली, जी प्रत्येक यंत्रावरच्या प्रत्येक खात्यात जाऊन ती यादी आणि माझे नाव शोधून काढील. यादी उलट्या दिशेने चालवून ‘पाणी’चे पुन्हा ‘पानी’ करता येईल का, असे मी त्याला विचारले. त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिले. कुठल्या ‘पाणी’चे? आजीने ‘पाणी’ म्हटले असेल तर? दोन्ही रूपे एकदा एक झाली, की कोणते मूळचे कोणते हे यंत्राला कळायला मार्ग नाही. गेलेला भेद परत येत नसतो. तो फक्त विचारून आणता येतो.

तेव्हा विचारायला पाठवले. ज्या मुलांनी मोबाइलवर आवाज टिपला होता त्यांचे काम सोपे होते. काहींनी कागदावर लिहून आणले होते. त्यांतले कागद काहींचे मिळाले. बाकीची मुले संक्रांतीच्या सुमारास पुन्हा गावी गेली आणि पुन्हा त्याच ओव्या म्हणवून घेतल्या, आणि म्हाताऱ्यांनी त्या पुन्हा वेगळ्या म्हटल्या. एकीने तर नातवाला ऐकवले, की तुझ्या मास्तरणीला एकदा सांगून कळत नाही का.

एका मुलीची आजी मार्गशीर्षात गेली होती.

तिने आजीच्या तोंडून दिवाळीत सुट्या कागदांवर लिहून घेतले होते. फाइल झाल्यावर कागद राहिले नाहीत. बाराच्या बारा ओव्या घेऊन ती माझ्यासमोर बसली. ‘होता’च्या जागी आजी ‘व्हता’ म्हणे, ‘पाणी’ला ‘पानी’, हे तिला ठाऊक होते. तिने एकेक शब्द कानाला लावून परत बसवला. मी फक्त लिहीत होते. नवव्या ओवीत ती अडली. त्या ओवीत एक सासुरवाशीण आहे, तिचा भाऊ आहे, आणि मध्ये ‘राणी’ हा शब्द आहे. माझ्या यादीत ‘रानी’ची ‘राणी’ होती. राणी लक्ष्मीबाईवरच्या निबंधांची देणगी. म्हणजे मुलीने ‘रानी’ टंकले असणार. आता आजीच्या बोलीत ‘ण’ नव्हताच, सगळा ‘न’. तेव्हा आजीची ‘रानी’ म्हणजे ‘राणी’ असू शकते. मग त्या ओळीत भावाची लाडकी, राणीसारखी बहीण आहे. किंवा ‘रानी’ म्हणजे जुन्या सप्तमीतली ‘रानात’. मग बहीण रानात एकटी आहे आणि भाऊ अजून पोचलेला नाही. दोन्ही अर्थ लागतात. दोन्हीत ओवी तुटत नाही. मी तिला म्हटले, आवाज टिपलेला असता तरी हे सुटले नसते; कानाला दोन्ही एकच. हे आजीलाच विचारायला हवे होते. हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आले, की ती मला दिलासा देण्यासारखा काही शब्द असता तर बरे, अशा नजरेने पाहत होती, आणि मी तिला व्याकरण सांगत होते.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “मॅडम, मी लिहिताना तिला विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं मला कळलं.”

“काय कळलं होतं?”

“तेच आठवत नाहीये. फाइलीत राणी राणी वाचून वाचून आता तेच खरं वाटतंय.”

यावर मी काहीच बोलले नाही. तिने ‘रानी’ असेच ठेवायचे ठरवले, न विशद करता. मी तळटीप सुचवली. दोन्ही अर्थ द्यावेत असे म्हटले. तिने ती लिहिली, पण तीत पहिला अर्थ रानाचा घातला. का, हे मी विचारले नाही. संपादकाला तेवढा अधिकार असतो, आणि त्या ओव्यांवर तिचा माझ्याहून अधिक होता.

जानेवारीच्या एका शनिवारी आम्ही मराठीचे मॉड्यूल पुन्हा पाठवले. आता त्यात फाँट आहेत, भाषेची नोंद आहे, दोन कळफलक आहेत. दुरुस्तीची यादी मी फेकली नाही. तिची वेगळी पुडी आहे. ती आपोआप कोणाकडे जात नाही, ज्याला हवी त्याने सांगून घ्यायची, आणि घेताना ती थांबून विचारते. तंत्रसहाय्यकाला हे पसंत नव्हते. प्रश्न विचारणारी पुडी म्हणजे कच्चे काम, असे त्याचे मत आहे, आणि त्याच्या धंद्यात ते बरोबरच आहे. “मॅडम, ही रात्री अडकून बसेल,” तो म्हणाला. बसू दे, म्हटले. पुडीच्या आतल्या टिपणात, जे कोणी वाचत नाही, मी नोंद केली, की या यादीतील ‘चुका’ ही यादीकर्तीची मते आहेत. खाली तारीख घातली. नाव घालावे की नाही यावर जरा रेंगाळले, आणि घातले.

शून्ये येत गेली. सतरा क्रमांकाचे यंत्र नेहमीप्रमाणे सर्वांना थांबवून होते. मी रांगेने फिरून प्रत्येक यंत्रावर आचार्य आणि आचारी तपासत होते. ती मुलगी काही कामाने आली होती; ती सतराव्या यंत्रापाशी बसली, ते तयार होईपर्यंत थांबली, मग नवी फाइल उघडून तिने एक शब्द टंकला आणि स्पेस दाबली. मी मागून पाहिले. ‘रानी’ होता तसाच राहिला. तिने आणखी एकदा स्पेस दाबून पाहिली.